गोठत्या बर्फात शैवाल जगतं कसं? ध्रुवीय सूक्ष्मशैवालांचं अनुकूलन पायरीपायरीने तपासताना

समुद्री बर्फात पोकळ ड्रिल घालून काढलेला दंडगोल आडवा ठेवला, की वरचा सगळा भाग दुधी पांढरा दिसतो आणि तळाची चार बोटं गंजासारखी तपकिरी. तो गंज नाही, ती वस्ती आहे. १८३९ ते १८४३ या काळात रॉस यांच्या मोहिमेबरोबर अंटार्क्टिकाला गेलेले वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हुकर यांनी बर्फावरचा हा डाग डायटमचा, म्हणजे सिलिकाच्या पेटीत राहणाऱ्या एकपेशीय शैवालांचा, असल्याचं ओळखलं होतं. तपकिरी रंग येतो तो फ्युकोझँथिन या रंगद्रव्यामुळे.

या शैवालांबद्दल वाचताना बहुतेक जण थेट 'अँटिफ्रीझ प्रथिनां'वर, म्हणजे गोठणं रोखणाऱ्या प्रथिनांवर, उडी मारतात. प्रथिनं महत्त्वाची आहेतच, पण सुरुवात तिथून केली की बाकीचं चित्र तिरपं दिसतं. माझ्या मते सुरुवात मिठापासून करावी, कारण बर्फातली थंडी पेशीपर्यंत पोचते ती बरीचशी मिठाच्या रूपात. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत. जीवशास्त्राचे विद्यार्थी, शिक्षक आणि थंड खोली असलेल्या प्रयोगशाळेत काम करणारे, अशा सगळ्यांना त्या वापरता येतील.

पहिली पायरी: राहणाऱ्याआधी घर मोजा

समुद्राचं पाणी साधारण उणे १.८ अंश सेल्सिअसला गोठू लागतं. गोठताना शुद्ध पाण्याचे स्फटिक होतात आणि मीठ बाहेर ढकललं जातं. या मिठाचा काही भाग खाली समुद्रात झिरपतो, उरलेला बर्फातल्या बारीक नळ्यांत आणि कप्प्यांत अतिखारट पाण्याच्या रूपात अडकतो. या पाण्याला आपण लवणजल म्हणू. शैवाल राहतं ते इथे. बर्फाच्या स्फटिकाच्या आत नव्हे, दोन स्फटिकांमधल्या या ओल्या फटींत.

बर्फ जितका थंड, तितकं लवणजल कमी आणि खारट. त्याची लवणता उणे २ अंशाला समुद्राएवढीच, म्हणजे दर हजारी ३५ च्या आसपास असते. उणे ५ ला ती ८० ते ८५ होते, उणे १० ला १४० च्या पुढे जाते आणि उणे १५ ला १८० च्या आसपास पोचते.

लवणजलाने बर्फाचा किती भाग व्यापला आहे हे काढायला फ्रँकेनस्टाइन आणि गार्नर यांचं १९६७ चं सूत्र अजूनही हाताशी ठेवावं. ४९.१८५ ला तापमानाच्या आकड्याने भागा (उणे चिन्ह सोडून), त्यात ०.५३२ मिळवा आणि आलेल्या संख्येला बर्फाच्या सरासरी लवणतेने गुणा. उत्तर दर हजारी मिळतं. बर्फाची लवणता ५ आणि तापमान उणे ५ असेल तर उत्तर सुमारे ५२, म्हणजे ५.२ टक्के. तोच बर्फ उणे २ ला असेल तर १२.६ टक्के, आणि उणे १५ ला जेमतेम १.९ टक्के.

हे तीन आकडे वहीत शेजारीशेजारी लिहा आणि थोडा वेळ त्यांच्याकडे बघा. साधारण ५ टक्क्यांच्या खाली नळ्या एकमेकींपासून तुटतात आणि बर्फातून पाणी वाहणं जवळजवळ थांबतं. लवणता ५ आणि तापमान उणे ५ अशा बर्फात हा उंबरठा येतो, हे १९९८ साली मांडलं गेलं. उंबरठ्याच्या वरच्या बाजूला शैवालाला खालच्या समुद्रातून नायट्रेट आणि सिलिकेट मिळत राहतात. खालच्या बाजूला पेशी आपल्या कप्प्यात कोंडली जाते. बहुतेक शैवाल बर्फाच्या तळाच्या काही सेंटिमीटरमध्ये का दाटतं, याचं मोठं कारण इथेच आहे: तिथला बर्फ समुद्राला टेकलेला असल्याने उणे १.८ च्या जवळपास राहतो.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. बर्फाच्या सान्निध्यात स्थिरावलेल्या लवणजलाचा गोठणबिंदू त्या वेळच्या तापमानाएवढाच असतो. पेशीच्या आतलं द्रावण बाहेरच्या लवणजलाइतकंच तीव्र झालं, तर आतलाही गोठणबिंदू तेवढाच खाली जातो आणि आत बर्फ होण्याचं कारणच उरत नाही. म्हणजे मिठाशी जुळवून घेणं आणि न गोठणं या पेशीच्या दृष्टीने दोन वेगळ्या कामगिऱ्या नाहीत.

दुसरी पायरी: नमुना काढताना आणि वितळवताना

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून इथे घाई करू नये.

दंडगोल बाहेर येताच त्यात दर ५ ते १० सेंटिमीटरवर बारीक छिद्र पाडून तापमान घ्या. वाऱ्यात काही मिनिटांतच बर्फाचं तापमान बदलतं आणि लवणजल खालच्या टोकातून ठिबकू लागतं, मग पहिल्या पायरीतली आकडेमोड वाया जाते. तळाचा तुकडा कापा आणि लगेच काळ्या कापडाखाली किंवा अपारदर्शक डब्यात ठेवा. बर्फ आणि त्यावरचा हिम यांच्याखाली महिनोन्महिने अंधुक उजेडात राहिलेल्या पेशी अचानक सूर्यप्रकाशात आल्या, तर त्यांच्या प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेला इजा होते.

वितळवणं हा त्याहून नाजूक भाग. तळाच्या बर्फातली पेशी दर हजारी ३५ लवणतेत बसलेली असते. पण सगळा तुकडा तसाच वितळवला तर मिळणारं पाणी ५ लवणतेचं असतं. पाणी पेशीत घुसतं, पेशी फुगते आणि नाजूक जाती फुटतात. मी शिकत असताना एकदा असाच तुकडा चंचुपात्रात तसाच वितळवून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली रिकाम्या काचेरी पेट्या होत्या आणि चाबकासारखं शेपूट असलेल्या कशाभिकाधारी पेशींपैकी एकही ओळखण्याजोगी उरली नव्हती. नमुन्यात त्या नव्हत्याच, असा निष्कर्ष मी काढणार होतो.

उपाय सोपा आहे. गाळलेलं समुद्रपाणी आधी शून्याच्या जवळ थंड करा आणि त्यात बर्फ अंधारात, थंड खोलीत, हळूहळू वितळू द्या. एक लिटर वितळपाण्याला ३४ लवणतेचं तीन लिटर समुद्रपाणी घेतलं, तर मिश्रण २६.७५ वर थांबतं, ५ वर नाही. मोजणीच्या शेवटी संख्येला चाराने गुणायला मात्र विसरू नका. पोषकद्रव्यं मोजायची असतील तर शेजारचा वेगळा तुकडा सरळ वितळवा, कारण मिसळलेलं समुद्रपाणी स्वतःची पोषकद्रव्यं घेऊन येतं. वरच्या थरातल्या, ८० किंवा त्याहून खारट लवणजलात राहिलेल्या पेशींना ३४ चं पाणीसुद्धा फार गोडं असतं. त्यांच्यासाठी वितळपाण्यात मीठ वाढवून टप्प्याटप्प्याने उतरावं लागतं.

तिसरी पायरी: कल्चर जिवंत ठेवणं

कल्चर म्हणजे प्रयोगशाळेत माध्यमात वाढवलेली पेशींची वस्ती. अभ्यासासाठी सगळ्यात चांगली ओळख झालेली जात म्हणजे फ्रॅजिलॅरिऑप्सिस सिलिंड्रस. दोन्ही ध्रुवांकडच्या थंड समुद्रांत आढळणारा हा डायटम बर्फातही राहतो आणि मोकळ्या पाण्यातही. तापमान ० ते ४ अंश, उजेड १० ते ५० मायक्रोमोल फोटॉन प्रति चौरस मीटर प्रति सेकंद, आणि समुद्रपाण्यात नायट्रेट, फॉस्फेट, सूक्ष्म धातू, जीवनसत्त्वं व सिलिकेट घातलेलं माध्यम, एवढ्यावर तो चालतो. सिलिकेट विसरलं तर डायटमला नवी पेटी बांधता येत नाही आणि विभाजन अडतं.

नवं माध्यम, पिपेट, फ्लास्क हे सगळं आदल्या रात्रीपासून त्याच थंड खोलीत ठेवा. फ्लास्क खोलीच्या तापमानाला 'फक्त पाच मिनिटं' बाहेर काढण्याची सवय अंगाला लावून घेऊ नका. मोरिता यांनी १९७५ साली केलेल्या व्याख्येप्रमाणे खऱ्या शीतप्रेमी सूक्ष्मजीवांची वाढ १५ अंश किंवा त्याखाली सर्वोत्तम होते आणि २० अंशांच्या वर होतच नाही. आपल्याला सुखद वाटणारी खोली ही त्यांच्यासाठी भट्टी आहे.

वाढीचा वेग दर दोन दिवसांनी पेशी मोजून काढा. मिलिलिटरमागे १०,००० पेशींच्या ६ दिवसांत ४०,००० झाल्या, तर चारचा नैसर्गिक लॉगॅरिदम १.३८६, त्याला सहाने भागलं की दिवसाला ०.२३. म्हणजे तीन दिवसांत एकदा दुप्पट. इतक्या थंडीत हा वेग मुळीच वाईट नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं तर थंड ठेवता येणारा मंच लागतो. काचपट्टीवर दव धरतं, त्यासाठी भोवती कोरड्या हवेचा झोत सोडावा. मंच नीट जमला की एक विलक्षण दृश्य बघायला मिळतं: लांबट डायटम बर्फाला टेकून, पाय नसताना, संथपणे सरकत जातो. पेटीच्या खाचेतून तो चिकट द्रव सोडतो आणि त्याच्या आधाराने स्वतःला ओढतो. चुक्ची समुद्रातल्या बर्फातून आणलेले डायटम उणे १५ अंशांलाही असे सरकतात, हे २०२५ साली प्रसिद्ध झालं. केंद्रक असलेल्या पेशीची इतक्या कमी तापमानाला हालचाल त्याआधी नोंदली गेली नव्हती.

चौथी पायरी: एकेक अनुकूलन वेगळं काढून तपासणं

*आतली तीव्रता.* बाहेर मीठ वाढलं की पेशी प्रोलिन, ग्लायसिन बीटेन आणि डायमिथिलसल्फोनिओप्रोपिओनेट यांसारखे लहान रेणू साठवते. नुसतं मीठ आत घेतलं तर विकरांचं काम बिघडतं. हे रेणू मात्र भरपूर साचले तरी प्रथिनांना त्रास देत नाहीत. तपासायचं असेल तर एकाच कल्चरचे भाग ३५, ५० आणि ७० लवणतेत ठेवा, तापमान तेच राहू द्या, आणि पेशीमागे प्रोलिन मोजा. नंतर लवणता तीच ठेवून तापमान उतरवा. दोन मालिका वेगळ्या ठेवल्या तरच मिठाचा परिणाम कुठला आणि थंडीचा कुठला हे कळेल. निसर्गात दोन्ही एकत्र येतात, त्यामुळे एकत्रच केलेला प्रयोग खरा वाटतो पण काहीच सांगत नाही.

*पेशीपटल.* थंडीत मेद थिजतो, तसं पेशीपटलही ताठ होऊ लागतं आणि त्यात बसवलेली प्रथिनं हलेनाशी होतात. शैवाल मेदाम्लांच्या साखळीत दुहेरी बंध वाढवतं. प्रत्येक दुहेरी बंधाशी साखळीला बाक येतो, बाकदार साखळ्या एकमेकींना घट्ट चिकटून बसू शकत नाहीत आणि पटल लवचिक राहतं. डायटममध्ये पाच दुहेरी बंधांचं आयकोसापेंटेनोइक आम्ल यासाठी ठळकपणे दिसतं. चाचणी गॅस क्रोमॅटोग्राफीने होते, पण सापळा वेगळाच आहे. नायट्रोजन संपत आला, किंवा कल्चर म्हातारं झालं, तरी मेदाम्लं बदलतात. ४ अंशांचं कल्चर आठव्या दिवशी आणि उणे १ चं कल्चरही आठव्याच दिवशी काढलं तर दोन वेगळ्या वयांची तुलना होते. दिवस जुळवू नका, वाढीचा टप्पा जुळवा.

*बर्फाला चिकटणारी प्रथिनं.* अंटार्क्टिकातल्या माशांच्या रक्तातली गोठणरोधक प्रथिनं आर्थर डीव्ह्रीस यांनी १९६० च्या दशकात शोधली. माशाची गरज सरळ आहे: रक्तात बर्फ होऊ द्यायचा नाही. शैवालाची गरज निराळी आहे, कारण बर्फ हेच त्याचं घर. म्हणून त्याची प्रथिनं बाहेर लवणजलात सोडली जातात आणि गोठणबिंदू फारसा खाली आणत नाहीत. त्यांचं काम बर्फाचे स्फटिक मोठे होऊ न देणं. थंड बर्फात लहान स्फटिक हळूहळू मोठ्यांत विरून जातात आणि दोन मोठ्या स्फटिकांच्या मध्ये सापडलेली पेशी चिरडली जाऊ शकते. प्रथिनं स्फटिकाच्या पृष्ठभागावर बसतात आणि ही वाढ अडवतात. यातली बरीच जनुकं जिवाणूंच्या जनुकांशी इतकी मिळतीजुळती आहेत, की ती पूर्वजांकडून नव्हे तर आडव्या वाटेने, थेट जिवाणूंकडूनच, शैवालात आली असावीत असं मानलं जातं.

हा गुण डोळ्यांनी बघता येतो. कल्चर गाळून मिळालेल्या द्रवाचा १० मायक्रोलिटरचा थेंब दोन-अडीच मीटर उंचीवरून, कोरड्या बर्फाने थंड केलेल्या धातूच्या ठोकळ्यावर ठेवलेल्या काचेवर टाका. तो आदळताच पातळ चकती होऊन गोठतो आणि त्यात असंख्य बारीक स्फटिक तयार होतात. ही चकती उणे ४ ते उणे ८ अंशांच्या मंचावर ठेवा आणि काटकोनात लावलेल्या दोन ध्रुवण-काचांमधून पाहा. सुरुवातीला बारीक रवाळ रंगीत नक्षी दिसते. साध्या माध्यमात अर्ध्या तासात रवे जाडे होतात, प्रथिनं असलेल्या थेंबात ते जसेच्या तसे राहतात. दोन तुलनेचे थेंब हवेतच: एक त्याच लवणतेच्या कोऱ्या माध्यमाचा आणि दुसरा उकळून थंड केलेल्या त्याच द्रवाचा. उकळल्यावर परिणाम गेला, तर तो प्रथिनांचा होता असं म्हणायला जागा मिळते.

*चिकट आवरण.* पेशी बाहेर सोडतात ते शर्करायुक्त जेल मला या सगळ्यात सर्वांत कमी लेखलं गेलेलं वाटतं. आर्क्टिकमधला मेलोसिरा आर्क्टिका हा साखळ्या करून बर्फाखाली लोंबणारा डायटम ते भरपूर बनवतो. या जेलमुळे बर्फातल्या नळ्या वेड्यावाकड्या होतात आणि मीठ बर्फातून सहज निसटत नाही, हे २०११ साली प्रयोगांनी दाखवलं गेलं. मीठ टिकलं की द्रव पाणी टिकतं. पहिल्या पायरीतलं सूत्र परत काढा: लवणता ५ ऐवजी ७ धरली तर उणे ५ ला लवणजल ५.२ वरून ७.३ टक्क्यांवर जातं. पेशी स्वतःचं घर मोठं करते आहे! अल्शियन ब्लू या रंगाने हे जेल निळं होऊन दिसतं.

*उजेडाचा हिशेब.* हरितद्रव्याने प्रकाश टिपण्याचा वेग थंडीने फारसा कमी होत नाही, पण त्या ऊर्जेवर चालणारी विकरं मंदावतात. आवक तीच आणि खर्च कमी, अशी स्थिती होते, आणि न खपलेली ऊर्जा ऑक्सिजनचे घातक रेणू तयार करते. यावर दोन्ही बाजूंनी उपाय असतात. कार्बन पकडणारं रुबिस्को हे विकर शून्याजवळ फार संथ असल्याने पेशी ते अधिक प्रमाणात बाळगते. दुसरीकडे डायाडिनोझँथिनचं डायाटोझँथिन करून जादा ऊर्जा उष्णतेच्या रूपात सोडून दिली जाते. फ्लुओरोमीटर या उपकरणाने अंधारात ठेवलेल्या पेशींची प्रकाश वापरण्याची क्षमता मोजा. निरोगी डायटममध्ये ती ०.६ च्या आसपास असते. ती घसरत असेल तर आधी उजेड निम्मा करून बघा, नंतर थंडीला दोष द्या.

उलट टोकाला अंधार आहे. आर्क्टिकमध्ये मोझाइक या संशोधन मोहिमेदरम्यान २०२० सालच्या मार्च अखेरीला, बर्फाखालच्या पाण्यातल्या सूक्ष्मशैवालांची वाढ अवघ्या ०.०४ मायक्रोमोल उजेडात सुरू झालेली आढळली. वर सांगितलेल्या कल्चरच्या उजेडाच्या हा शेकडो पटींनी कमी आहे. ध्रुवीय रात्रीच्या प्रयोगात अंधार म्हणजे खरोखर अंधार हवा, याचं हे कारण. दाराच्या फटीतून येणारी तिरीप किंवा फ्लास्कमध्ये डोकावताना लावलेला दिवा एवढ्यानेही निकाल बदलू शकतो.

पाचवी पायरी: सवय की वारसा?

एखादी पेशी थंडीत मेदाम्लं बदलते, याला सरावणं म्हणता येईल. अनुकूलन म्हणायचं तर तो बदल वंशात उतरलेला हवा. यासाठी ध्रुवीय जात आणि समशीतोष्ण भागातला नातेवाईक, उदाहरणार्थ फिओडॅक्टिलम ट्रायकॉर्न्युटम, दोघांना एकाच तापमानाला, एकाच उजेडात आणि माध्यमात निदान आठ-दहा पिढ्या वाढवा. दुप्पट व्हायला तीन दिवस लागत असतील तर याला महिनाभर लागतो, तेवढा धीर ठेवावा लागेल. प्रत्येकाचे किमान तीन फ्लास्क हवेत. एवढं करूनही जो फरक उरतो तो वारशाचा. या दोन जाती फार जवळच्या नाहीत, त्यामुळे उरलेला प्रत्येक फरक थंडीमुळेच घडला असं मात्र धरू नका.

फ्रॅजिलॅरिऑप्सिस सिलिंड्रसचा जनुकसंच २०१७ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा वारशाचा एक अनपेक्षित प्रकार समोर आला. त्याच्या जनुकसंचाच्या सुमारे पाव भागात, एकाच जनुकाच्या दोन प्रती एकमेकींपासून बऱ्याच वेगळ्या झालेल्या होत्या. थंडी, अंधार, लोहाची टंचाई अशा निरनिराळ्या परिस्थितींत कधी एक प्रत जास्त वापरली जाते, कधी दुसरी. गोठणं आणि वितळणं यांच्या फेऱ्यात जगणाऱ्या जिवाला अशी दोन हत्यारं जवळ असणं उपयोगी पडत असणार.

हिमावरचं शैवाल वेगळं ठेवा

लाल हिम किंवा ग्रीनलंडच्या बर्फावरचा काळपट पट्टा यांचे निष्कर्ष समुद्री बर्फाला लावू नका. तिथलं पाणी गोडं असतं आणि उजेड अति असतो. सँग्विना निव्हालॉइडिस या शैवालाच्या विश्रांतीतल्या पेशी अॅस्टाझँथिनने लाल होतात, तर हिमनदीच्या उघड्या बर्फावरच्या अँसिलोनेमा या शैवालात जांभळट-तपकिरी पर्प्युरोगॅलिन असतं. दोन्ही रंगद्रव्यं जादा उजेड अडवतात आणि भोवतालचा बर्फ गडद करून त्याच्या वितळण्यालाही हातभार लावतात.

शेवटची चाचणी: वरची मर्यादा

थंडीतली वाढ मोजून झाली, की तेच कल्चर दोन-दोन अंशांनी वर न्या. प्रत्येक टप्प्यावर काही पिढ्या थांबा आणि वाढ कुठे अडते ते बघा. बहुतेक जण ही चाचणी गाळतात, पण थंडीसाठी मोजलेली किंमत इथेच दिसते. अंटार्क्टिकातल्या कायम बर्फाने झाकलेल्या बोनी सरोवरात, सुमारे १७ मीटर खोलीवरून वेगळं काढलेलं क्लॅमिडोमोनास प्रिस्क्युआय हे शैवाल याचं चांगलं उदाहरण आहे. वर्षानुवर्षं मंद उजेडात राहून, प्रकाशाची वाटणी प्रकाशसंश्लेषणाच्या दोन यंत्रणांत झटपट बदलण्याची जी सोय त्याच्या नातेवाइकांकडे असते, ती त्याने गमावली आहे. त्याची वाढ ८ अंशांच्या आसपास सर्वांत चांगली होते, आणि २४ अंशांना त्याच्या पेशी मरतात. त्यामुळे ही मालिका लावताना मूळ कल्चरचा एक फ्लास्क ४ अंशांना, हात न लावता, वेगळा ठेवून द्या.